डॉक्टरच्या हातातली मीठदाणी

पडद्यामागचे प्रश्न : वाचकांची पत्रं, काकांची उत्तरं

गेल्या अंकात नाटकातल्या दारांबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं, की 'स्टार ट्रेक' या अंतराळयानाच्या अमेरिकी टीव्ही मालिकेतली दारं तरी कुठे आपोआप उघडायची, मागे माणूसच उभा असायचा. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी माझ्या फ्लॅट, लेव्हल आणि विंगांच्या अख्ख्या लेखमालेवर आली नाहीत. संपादक म्हणाले, काका, हा अंक त्यालाच द्या. तर दिला. पण प्रश्न फक्त मूळ मालिकेचे घेतलेत, १९६६ ते १९६९ मधल्या ७९ भागांचे. पुढच्या मालिकांत संगणक आला, तिथे माझं डोकं चालत नाही. नाटकाच्या प्रॉपर्टीवर, म्हणजे रंगमंचावरच्या सामानावर, अडतीस वर्षं गेली माझी. दोरी, खिळा, पुठ्ठा, भुकटी, एवढ्यावर विचारा.

काका, दारामागे माणूस म्हणजे नक्की काय? मोटर नव्हती? (एक वाचक, डोंबिवली)

नव्हती. दाराच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने, सेटवरचा कामगार उभा राहायचा आणि दोरी ओढून पल्ला सरकवायचा. तो जो 'श्शुक' आवाज आपल्या कानात बसलाय, तो नंतर घातलेला. म्हणजे नटाने काय करायचं, तर बंद दाराकडे ताठ मानेनं, पाऊल न अडखळता चालत जायचं आणि दार उघडेल यावर श्रद्धा ठेवायची. दोरीवाल्याचं लक्ष चुकलं की कप्तान लाकडावर! असे आपटलेले प्रसंग त्या काळच्या चुकांच्या फितीत जपून ठेवलेत आणि चाहते ते अजून चवीनं बघतात.

मी हसत नाही. आमच्या एका नाटकात भुयाराचं दार होतं आणि त्याची दोरी माझ्या हातात असायची. सांगलीच्या प्रयोगाला मी विंगेत कांदाभजी खात होतो. हात तेलकट, दोरी निसटली. बाई दारावर आपटल्या. पण मुरलेल्या नटी त्या, "कुणी गं कडी घातली आतून?" म्हणाल्या आणि प्रेक्षकांना तो हशा नाटकातलाच वाटला. प्रयोग संपल्यावर त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला माझ्या खुंटीवर दोरीच्या शेजारी हात पुसायला फडकं टांगलेलं होतं.

मी नववीत आहे. बाबा म्हणतात की ट्रान्सपोर्टरची कल्पना शास्त्रज्ञांना विचारून काढली. खरं का? आणि ती चमचम कशी केली? (एक वाचक, सातारा)

बाबांना सांग, शास्त्रज्ञांना नाही, हिशेबनिसाला विचारून काढली. मालिकेचे कर्ते जीन रॉडनबेरी यांना यान दर आठवड्याला नव्या ग्रहावर उतरवायचं होतं. एवढं मोठं यान उतरताना दाखवायचं तर तेवढी मॉडेलं, तेवढं चित्रीकरण. पैसे कुठून आणणार? पहिल्या वर्षी एका भागाला साधारण १ लाख ९० हजार डॉलर मिळत होते आणि चित्रीकरणाला जेमतेम सहा दिवस. मग ठरलं, यान वरच फिरू दे, माणसंच खाली पाठवू. माणसं विरघळतात आणि खाली पुन्हा जुळतात. खर्च वाचला, वर गोष्टही पळायला लागली. उतरण्यात दहा मिनिटं जायची, ती वाचली.

आता चमचम. कॅमेरा एका जागी घट्ट बांधायचा. नट चौथऱ्यावर उभे, तेवढं टिपायचं. मग नटांना खाली उतरवायचं आणि रिकामा चौथरा टिपायचा. कॅमेरा केसभरही हलता कामा नये. हे दोन तुकडे एकात एक विरघळवले की माणूस नाहीसा होतो. मधे जी झगमग दिसते ती अ‍ॅल्युमिनियमची भुकटी. काळ्या पार्श्वभूमीपुढे प्रकाशाच्या झोतात ती भुरभुर सोडायची, वेगळी टिपायची आणि माणसाच्या आकारात बसवायची. घरी करून बघायचं असेल तर मोबाइल खुर्चीला बांध आणि आईला विचारून रांगोळीची चमकी घे. भुकटी नाकात जाऊ देऊ नकोस.

आणि 'बीम मी अप, स्कॉटी' हे वाक्य टी-शर्टांवर असतं ना? मूळ मालिकेत ते या शब्दांत कुणीच म्हणत नाही. वर्गात पैज लाव.

मी गेली तीस वर्षं नगरला प्रॅक्टिस करतो. लहानपणी डॉ. मॅकॉय रुग्णावरून ते छोटं भिरभिरणारं यंत्र फिरवायचे आणि रोग कळायचा, ते पाहून डॉक्टर व्हायचं ठरवलं. ते यंत्र काय होतं? (एक डॉक्टर)

डॉक्टरसाहेब, बसून वाचा. मीठदाणी होती.

थट्टा नाही. ८ सप्टेंबर १९६६ ला एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर पहिला भाग दाखवला, 'द मॅन ट्रॅप'. त्यात एक प्राणी आहे, त्याला मिठाची तलफ. माणसाच्या अंगातलं मीठ शोषून घेतो आणि माणूस मरतो. त्यामुळे एका प्रसंगात मीठदाणी हवी होती. प्रॉपर्टीवर होते आयर्विंग फाइनबर्ग. भविष्यातली मीठदाणी म्हणून बाजारातून नव्या धर्तीच्या, वेगळ्या घाटाच्या दाण्या आणल्या गेल्या. सेटवर ठेवल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं, की हे मीठ आहे हे प्रेक्षकाला कळणारच नाही. प्रसंगच मिठावर उभा. मग पडद्यावर गेली साधी, ओळखू येईल अशी दाणी.

आणलेल्या दाण्यांचं काय करायचं? पैसे गेलेले. इथे माझ्यासारख्याला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटतात. त्यांनी त्या डॉक्टरच्या पेटीत घातल्या. मूठभर, चकचकीत आणि कशासाठी आहेत ते कळत नाही, म्हणजे वैद्यकीयच असणार! थोडे फेरफार करून त्यांची उपकरणं झाली. आवाज नंतर घातला. फाइनबर्ग यांच्या हातून निघालेल्या असल्या वस्तूंना नटमंडळी 'फाइनबर्गर' म्हणायची.

बाकीचं काम मॅकॉय झालेल्या डीफॉरेस्ट केली यांचं. हा नट मुख्यतः काउबॉय चित्रपटांतून आलेला, त्यातही बरेचदा खलनायक. त्यांचे हात बघा. दाणी रुग्णाच्या छातीवरून फिरवताना नजर दाणीवर नसते, रुग्णाच्या चेहऱ्यावर असते. मग क्षणभर थांबून ते दुसऱ्या हातातल्या यंत्राकडे बघतात आणि ओठ आवळतात. तुम्हाला डॉक्टर केलं ते त्या आवळलेल्या ओठांनी.

मात्र त्यांच्या खांद्यावरच्या ट्रायकॉर्डरबद्दल, म्हणजे त्या तपासणीच्या यंत्राबद्दल, एक कडू गोष्ट सांगायची राहते. ते यंत्र आणि झाकण उघडून बोलायचा तो कम्युनिकेटर घडवला वा चँग या कारागिराने. मिठाच्या प्राण्याचा पोशाखही त्यांचाच, पुढे 'अरीना' भागातला सरड्याच्या तोंडाचा गॉर्नही त्यांचाच. पण ते प्रॉपर्टीवाल्यांच्या युनियनचे सभासद नव्हते. म्हणून कागदोपत्री या वस्तू जणू बाजारातून तयार विकत घेतल्या असं दाखवावं लागलं आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव आलं नाही. ज्या डबीकडे पाहून जगाला मोबाइल फोन आठवतो, ती करणारा माणूस नावाविना. आमच्याकडेही पेटारे उचलणाऱ्यांची नावं जाहिरातीत येत नाहीत, पण निदान मध्यंतरात चहा सगळ्यांना सारखा मिळतो.

'शॅटनर हेच पहिले कप्तान' असं तुम्ही लिहिलंत. चूक! (एक वाचक, ठाणे)

चूक. कबूल.

१९६४ च्या अखेरीस 'द केज' नावाचा नमुना भाग काढला, त्यात कप्तान पाइक होते जेफ्री हंटर. दुय्यम अधिकारी एक बाई, मेजल बॅरेट. शांत, हुशार, सगळ्यांना हुकूम सोडणारी. लिओनार्ड निमॉय यांचा स्पॉक तेव्हाही होता, पण तो चक्क हसतो. वाहिनीला भाग फार डोकेबाज वाटला. तरी त्यांनी पुन्हा एक नमुना करायला सांगितला, जे सहसा होत नाही, आणि त्यात कप्तान कर्क म्हणून विल्यम शॅटनर आले. बाई अधिकारी मात्र गेली. मेजल बॅरेट पुढे सोनेरी केसांची नर्स म्हणून परत आल्या, यानाच्या संगणकाचा आवाजही त्यांचाच, आणि १९६९ मध्ये त्यांनी रॉडनबेरींशी लग्न केलं.

टाकून दिलेल्या त्या भागाची फीत फुकट घालवली नाही. 'द मिनाजरी' या जोडभागात जुनं चित्रण गोष्टीत गोष्ट म्हणून चिकटवलं. आपल्याकडे जुन्या नाटकाचे फ्लॅट, म्हणजे भिंतींच्या चौकटी, रंगवून नव्याला वापरतात, तेच. त्या जोडभागाला विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

'द केज'चीच एक हकिकत आमच्या रंगभूषेच्या पोरांना मी दरवर्षी सांगतो. त्यात हिरव्या कातडीची एक नर्तकी आहे. रंग कसा उमटतो ते पाहायला रंगभूषाकार फ्रेड फिलिप्स यांनी चाचणीसाठी मेजल बॅरेटना हिरवं रंगवलं आणि फीत धुवायला पाठवली. परत आली तर चेहरा नेहमीसारखा गोरागुलाबी. दुसऱ्यांदा आणखी गडद फासलं. पुन्हा गुलाबी. सगळे हैराण. शेवटी कळलं, प्रयोगशाळेतला माणूस रात्र जागून रंग 'दुरुस्त' करत होता. त्याला वाटलं, बाई हिरवी कशी असेल, कुणाचं तरी चुकलंय!

स्पॉकचे कान कशाचे? (मिरज, कोल्हापूर, पणजी अशी तीन पत्रं)

ते टोकदार कान फोम लेटेक्सचे, मेणासारखे मऊ. ते रोज गमने चिकटवायचे, रोज सोलायचे. एक जोडी थोडे दिवस टिकायची, मग कडा फाटायच्या. निमॉय पहाटे सगळ्यांच्या आधी रंगभूषेच्या खुर्चीत. सुरुवातीचे कान इतके वाईट होते की त्यांना भूमिकाच सोडावीशी वाटत होती. रॉडनबेरींनी समजूत घातली, तेरा भाग कर, तरी नको वाटलं तर कानांची शस्त्रक्रिया होते असा एक भाग लिहू. तो भाग कधी लिहावा लागला नाही.

वाहिनीलाही ते कान सैतानाचे वाटले. मालिका विकायला छापलेल्या माहितीपत्रकातल्या फोटोत त्यांनी कानांची टोकं आणि भुवयांची शेपटं पुसून टाकली होती. मालिका लागली आणि सगळ्यात जास्त पत्रं आली ती त्या कानवाल्यालाच.

पणजीच्या बाईंनी बोटांच्या नमस्काराचंही विचारलंय. तो निमॉयनीच दिला. बॉस्टनमधल्या ज्यू कुटुंबातला हा माणूस. लहानपणी सिनेगॉगमध्ये पुरोहित आशीर्वाद देताना सगळ्यांनी डोळे झाकायचे असतात, याने फटीतून पाहिलं. बोटं दोन-दोन जोडून मधे फट. ती खूण मनात राहिली आणि १९६७ च्या 'अमॉक टाइम' भागात पहिल्यांदा आली. 'लिव्ह लाँग अँड प्रॉस्पर' हे निरोपाचं वाक्य लेखकाचं, हात नटाचा.

कर्कचा शर्ट पिवळा की हिरवा? घरात भांडण आहे. (एक जोडपं, पुणे)

दोघंही बरोबर. कापड हिरवट, पिकल्या अ‍ॅव्होकाडोच्या सालीसारखं. कपडेपटाचे विल्यम थाइस यांनी ते मखमलीसारख्या व्हेलूरमध्ये शिवलं. त्या कापडावर प्रखर दिवे पडले आणि त्या फितीवर टिपलं की पिवळं-सोनेरी दिसायचं. तोच हिरवा वेगळ्या कापडात शिवला, त्याच्या समारंभाच्या पोशाखात, तिथे हिरवा हिरवाच राहिला. व्हेलूर धुलाईत आटायचं, हे आणखी एक दुखणं. शॅटनर यांचा शर्ट घट्ट होत जातो त्याला जेवणच कारण होतं असं नाही.

एवढे भडक रंग का, तर एनबीसीची मालक कंपनी आरसीए. आरसीए रंगीत टीव्ही संच विकायची. लाल, निळा, सोनेरी, जांभळं आकाश, ग्रहावरचे हिरवे झोत, सगळं संचांच्या दुकानातही छान दिसायचं.

माझ्यापर्यंत यातलं काही पोचलं नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची. आमच्या गिरगावच्या चाळीत ती बघायची सोय एकाच घरी, दार सरकवायचा लाकडी टीव्ही, ब्लॅक अँड व्हाइट. काचेवर रंगीत प्लॅस्टिक, वर निळं, मधे पिवळसर, खाली हिरवं. त्यामुळे आमचा कर्क कायम कपाळाला निळा आणि गुडघ्याला हिरवा. लाल शर्टवाला ग्रहावर उतरला की मरतो, हा जगभरातला विनोद मला वीस वर्षांनी कळला. आम्हाला लाल आणि निळा दोन्ही राखाडी. कोण मरणार याची आम्हाला खरोखर धाकधूक असायची.

वॉशिंग्टनला म्युझियममध्ये एंटरप्राइज पाहिलं. एक बाजू कोरी वाटली. तपशील उडालेत की काय? (एक वाचक, न्यू जर्सी)

उडालेले नाहीत, कधी नव्हतेच. तुमची नजर कारागिराची आहे. सव्वाअकरा फुटांचं ते मॉडेल, लाकूड, प्लॅस्टिक आणि पत्र्याचं. आराखडा मॅट जेफ्रीज यांचा. ते स्वतः वैमानिक होते, त्यामुळे दुरुस्ती लागेल असं यंत्र यानाच्या बाहेर लटकू नये, आतून हात पोचावा असा त्यांचा आग्रह. आत दिवे घातले तेव्हा वायरी बाहेर काढायला जागा हवी होती. त्या डाव्या बाजूने काढल्या. मग कॅमेरा कायम उजवीकडूनच लावायचा, तर डावीकडे रंगरंगोटी कशाला करा? यान उलट दिशेने जाताना दाखवायची वेळ आली की फीत उलटवायची. त्यासाठी आकडे-अक्षरं आरशातल्यासारखी उलटी चिकटवून टिपायची.

१९७४ मध्ये ते स्मिथसोनियनला, म्हणजे तुमच्या त्या म्युझियमला, दिलं, २०१६ मध्ये नीट डागडुजी झाली. कोऱ्या बाजूला हात न लावता ठेवलं याबद्दल त्या लोकांना माझा सलाम.

'स्पेस सीड'मधला खान स्वतःला काय समजतो? नाव खान, आडनाव सिंग, म्हणे शीख, आणि नट मेक्सिकोचा! (एक वाचक, नांदेड)

नांदेडहून हा प्रश्न येणारच होता. लेखकाच्या पहिल्या खर्ड्यात तो नॉर्डिक होता, हॅराल्ड एरिक्सन. नंतर भूमिका रिकार्डो माँतालबान यांच्याकडे गेली आणि नाव खान नूनियन सिंग झालं. भागात एक अधिकारी बाई त्याला पाहून 'उत्तर भारतातला, बहुधा शीख' असा अंदाज करते. तीच त्याचं चित्र काढते, त्यात मात्र फेटा आहे. संशोधन इथे संपलं. तरी मालिकेत १९९० च्या दशकात पाव जगाहून जास्त भागावर राज्य करून गेलेला हा माणूस अभिनयात कुणाला ऐकत नाही. जेवणाच्या टेबलावरचं त्याचं बसणं बघा. खुर्ची यानाची, पण बसलाय सिंहासनावर.

खरी आपल्या गावची व्यक्ती हवी असेल तर पर्सिस खंबाटा. मुंबईची, १९६५ ची मिस इंडिया. मूळ मालिका बंद पडल्यावर १९७७ मध्ये नवी काढायची ठरली, तिच्यात त्यांची निवड झाली होती. मालिका बारगळली, तिचाच चित्रपट केला, तो १९७९ मध्ये आला. भूमिकेसाठी त्यांनी डोकं पूर्ण भादरलं. खोटी टक्कल-टोपी नाही, खरं. विग आणि टोप्या चिकटवत आयुष्य गेलेल्या माणसाला विचारा, त्याची किंमत काय असते.

उहुरा आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची गोष्ट सांगा. (अनेक)

यानावरची संपर्क अधिकारी उहुरा झालेल्या निशेल निकल्स पहिल्या वर्षानंतर रंगभूमीवर परतणार होत्या. किंग भेटले, म्हणाले सोडू नका. त्या थांबल्या आणि पुढे १९७७ पासून नासासाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय उमेदवार शोधायचं काम त्यांनी केलं. ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते, म्हणून त्याऐवजी यानाचा इंजिनिअर स्कॉटी, त्याच्या उजव्या हाताकडे बघा. स्कॉटी झालेले जेम्स डूअन कॅनडाच्या सैन्यात होते. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्या रात्री आपल्याच पहारेकऱ्याच्या गोळ्या लागल्या. छातीवरची गोळी सिगारेटच्या डबीने अडवली, उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. मालिकाभर तो हात ते असा ठेवतात की कळू नये. 'ट्रबल विथ ट्रिबल्स'मध्ये केसाळ गोळे कवेत घेऊन येतात तेव्हा मात्र दिसतं. त्या गोळ्यांतले शेकडो गोळे हाताने शिवलेले होते, आणि कर्कच्या डोक्यावर ढीग कोसळून गेल्यावरही एकेक टपकत राहतो ना, ते वरून पोरं टाकत होती. किती उरलेत हे त्यांना दिसत नव्हतं.

शाळेच्या गॅदरिंगला यानाचा सेट करायचाय. तीन हजार रुपये आहेत. (एक शिक्षिका, चिपळूण)

बाई, भरपूर आहेत. गोल खोली करायला जाऊ नका. त्यांचा नियंत्रण कक्षसुद्धा कलिंगडाच्या फोडींसारखा तुकड्यांत होता, कॅमेरा आत घालायचा तेव्हा एक फोड काढून ठेवायचे. तुम्हाला प्रेक्षकांची बाजू उघडीच हवी, तर तीन फोडी पुरतील. बांबूची चौकट, वर पुठ्ठा. पुठ्ठ्यावर आधी पातळ खळीचा हात द्या, नाहीतर रंग पिऊन जाईल. बटणांना बाटल्यांची झाकणं. आरपार पाहिजे असतील तिथे भोक पाडून रंगीत जिलेटिन आणि मागे दिवाळीची माळ. माळ शाळेच्याच वायरमनकडून लावून घ्या. खुर्ची एकच ठेवा, मधोमध, आणि तिला हात असू देत. सरकतं दार करायचंच असेल तर पल्ल्याखाली मेणबत्ती घासा. दोरी ओढायला नाटकात काम न मिळालेला रुसलेला मुलगा घ्या, तो कधी चुकत नाही. आणि चंदेरी रंग आदल्या दुपारीच उन्हात वाळवा, नाहीतर कप्तानाच्या पाठीवर सगळं यान उमटेल.